वाळत घातलेला पडदा

हुडकेश्वरकडे माझ्या एका मैत्रिणीनं मध्यंतरी फ्लॅट घेतला. पहिल्यांदा गेले तर घर राहिलं बाजूला, आधी मला तळघरात नेलं. का, तर तिथं सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय म्हणे. एक चुणचुणीत इंजिनिअर पोरगा हातवारे करून समजावत होता, "आजी, हे एकदम लेटेस्ट आहे. मेम्ब्रेन बायोरिॲक्टर. टाकीत बॅक्टेरिया घाण खातात आणि हा पडदा त्यांना बाहेर जाऊ देत नाही. फक्त पाणी जातं." मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. माझा स्वभाव मुकाट्यानं ऐकायचा नाही, हे मैत्रिणीला ठाऊक, त्यामुळे ती माझ्याकडे जरा घाबरूनच बघत होती. शेवटी मी त्याला एवढंच म्हटलं, "पडदा कधी वाळू देऊ नकोस रे बाबा." हातवारे थांबवून तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "आजी, तुम्हाला कसं माहीत?"

मला कसं माहीत! चाळीसेक वर्षांपूर्वी याच नागपुरात एक तसला पडदा मी माझ्या डोळ्यांनी उन्हात वाळताना पाहिला आहे. पण ते त्याला कुठं सांगत बसू? ज्या बाईला सांगायला हवं होतं तिलाच वेळेवर सांगितलं नाही, आणि आता ती नाही.

ती बाई म्हणजे माझी माय.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची, आणि उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विज्ञान शिकलेली पहिली पोरगी. बाप मिलमध्ये होता, मी शाळेत असतानाच गेला. मायनं बिड्या वळून मला शिकवलं. सुपात पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन ती दारात बसायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. तिला अक्षर येत नव्हतं, पण माझं वाचन अडखळलं की हात न थांबवता म्हणायची, "पुन्हा वाच, काहीतरी चुकून राहिलं." आणि खरंच चुकलेलं असायचं.

मला नोकरी लागली एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर मुख्य इमारतीच्या मागं टिनाची एक शेड. नोकरी कच्ची, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. आमचे सर परदेशात शिकून आलेले होते आणि येताना त्यांनी बॅगेतून कपड्यांऐवजी पडद्याचे तुकडे आणले होते. दोन पंजे शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढे, पांढरट, जाड कागदाच्या जातीचे. आमच्याकडे तेव्हा ही चीज फारशी कुणी पाहिलेली नव्हती. त्या पडद्याला छिद्रं असतात, पण इतकी बारीक की जंतूसुद्धा पलीकडे जाऊ शकत नाही. सर ते तुकडे औषधी पाण्यात बुडवून ठेवायचे आणि त्यांच्याशी एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायचे. आम्ही पाठीमागं हसायचो.

आमची टाकी काचेची होती, लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या गंजाएवढं पाणी मावेल अशी. शिपाई सकाळी नाग नदीच्या नाल्यातून कॅन भरून आणायचा. ते पाणी गाळून आम्ही टाकीत सोडायचो आणि खालून पंपानं हवा. हवा मिळाली की त्या पाण्यातले जंतू वाढतात, घाण खातात, आणि महिनोन् महिने गेले की टाकीत दाट तपकिरी गाळ तयार होतो. घाणेरडा दिसतो, पण सगळं काम तोच करतो. सांडपाणी शुद्ध करायच्या मोठ्या केंद्रांत हा गाळ खाली बसू देतात आणि वरचं पाणी काढून घेतात. सरांचं म्हणणं असं की बसायची वाटच कशाला बघायची? पडदा लावा. गाळ आत, पाणी बाहेर. जागा कमी लागते आणि पाणीही जास्त स्वच्छ निघतं. पडदा मात्र चोंदतो. म्हणून आठवड्यातून एकदा नट ढिले करून तो काढायचा, ट्रेमध्ये पाण्यात ठेवायचा आणि हलक्या हातानं विसळून परत लावायचा. ते काम माझं.

आठ महिने त्या गाळाला मी सांभाळलं. त्याचा रंग जरा उतरला तरी माझ्या घशाखाली घास जायचा नाही. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो हे मी कुणाला सांगितलं तर लोक नाक मुरडायचे, पण येतो. मला तो वास आवडायचा, अगदी खरं सांगते.

आणि हे सगळं मी मायपासून लपवून ठेवलं होतं.

तिला मी सांगितलं होतं, "पाण्याची तपासणी करते." तिनं वस्तीत सांगितलं, "माही पोरगी पाणी शुद्ध करते." बायांना वाटायचं मी नळाच्या पाण्यात औषध घालते. कुणाकडे पाणी गढूळ आलं की माझ्या दारात येऊन म्हणायच्या, "काय वं, आज झोपली होती काय?" मी हसून वेळ मारून न्यायचे. गटाराचं पाणी, असं तोंडातून निघतच नव्हतं.

त्याला कारण होतं. माझी आजी, म्हणजे मायची आई, गावात पाटलाचं अंगण आणि गोठा झाडायची. माय लहानपणी तिच्या मागं मागं टोपलं घेऊन जायची आणि संध्याकाळी त्याच टोपल्याच्या बाजूला पदरात शिळी भाकर पडायची. छप्पन साली माय नवी नवरी होती. पांढरं लुगडं नेसून, माझ्या बापासोबत गर्दीत उभी राहून तिनं नागपुरात दीक्षा घेतली. घरी आल्यावर सासूला म्हणाली, "आता दुसऱ्याच्या दारात झाडू हातात धरणार नाई. मेली तरी नाई." आणि नाहीच धरला. उपाशी राहिली, बिड्या वळल्या, पण कुणाच्या घरी धुणंभांडी, केरवारा केला नाही. अशा बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुझी शिकलेली पोर रोज गटारात हात घालते?

एप्रिलातला रविवार होता. धंतोलीच्या एका दवाखान्यात माझे मामा ॲडमिट होते, त्यांना बघायला आम्ही दोघी निघालो. रविवारी टाकीला पाणी घालायची पाळी माझी होती, म्हणून मी म्हटलं, वाटेत दहा मिनिटं थांबू. माय खुश! "चाल, तुहं हापिस त पाहू." मी तिला खरं म्हणजे गेटबाहेर झाडाखाली बसवणार होते. पण नागपूरचं एप्रिलमधलं ऊन, आणि तिला चक्कर येण्याचा त्रास. चौकीदार जेवायला गेला होता. मी तिला शेडमध्ये घेतलं, स्टुलावर बसवलं, पंखा लावला आणि सांगितलं, "कशाले हात लावू नको वं माय. मी आलीच."

पडदा त्या दिवशी विसळायचा होता. मी तो काढून ट्रेमध्ये पाण्यात ठेवला आणि मुख्य इमारतीत गाळाच्या वाळवलेल्या नमुन्यांची वजनं करायला गेले. भट्टीतून काढलेली बशी थंड होईपर्यंत वजन करता येत नाही, आणि बशा होत्या सहा. दहा मिनिटांचा सव्वा तास झाला.

परत आले तर शेडची फरशी ओली आणि चकचकीत. मला आधी कळेचना की काय बदललंय. मग दिसलं. टाकी रिकामी होती. तळाचा नळ उघडा, आणि काच अशी लख्ख घासलेली की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. हवेचा पंप रिकाम्या टाकीत घरघरत होता. आठ महिन्यांचा गाळ मोरीतून गेला होता.

माय पदर खोचून कोपऱ्यात झाडू मारत होती. कपाळावर घाम, आणि चेहरा नुसता फुललेला.

"माय! हे काय केलं वं तू?"

"काहून? किती घाण साचली होती त्या पेटीत, बाई! बुळबुळीत शेवाळं. तुले हात घालावा लागत असन त्याच्यात. तुहे लोक साफ नाई करत काय? मले पाहवलं नाई."

"अन् ट्रेमधलं? त्या ट्रेमधलं कुठं गेलं?"

"ते गाळणं? पार मळलं होतं. चांगलं मातीनं घासलं अन् वाळत टाकलं. पाह्य, कसं पांढरं निघालं."

मी बाहेर धावले. कुंपणाच्या तारेवर, उडू नये म्हणून वर दगड ठेवून, सरांचा पडदा वाळत घातलेला होता. घरी माठाच्या तोंडावरचं फडकं ती रोज असंच वाळत घालायची. तो पडदा पापडासारखा कडक होऊन कडांनी वळला होता. एकदा वाळला की त्याची छिद्रं मिटतात, पुन्हा भिजवून काही उपयोग नाही. सरांनी हे आम्हाला शंभरदा बजावलं होतं. चार तुकड्यांपैकी दोन आधीच फाटले होते. हा तिसरा. आणि महिन्याभरात या कामाला पैसे देणारी दिल्लीची माणसं काम बघायला येणार होती. त्यांना आवडलं तर काम पुढं चालणार, आणि काम चाललं तर माझी नोकरी पक्की होणार होती.

पडदा घेऊन मी आत आले आणि मायवर ओरडले. "तुले काय समजते वं यातलं? कोणी सांगतलं होतं तुले?" ती भांबावून झाडू धरून उभी राहिली. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सर रविवारीही चक्कर मारत, हे मला माहीत असायला हवं होतं.

सर आत आले, टाकीकडे बघितलं. माझ्या हातातून पडदा घेतला. तो मधोमध तडकला. ते मायच्याच स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोणी केलं हे?"

माय माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातावर गोंदण, आणि त्या हातात झाडू.

मी म्हणाले, "सर, झाडूवाली बाई आहे. बदलीवर आलीय. तिला माहीत नव्हतं."

किती पटकन म्हणाले मी! अडखळलेसुद्धा नाही. पुढं कैक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की नोकरीची भीती होती, रविवारी बाहेरचं माणूस आत आणायला बंदी होती, दुसरं काय करणार. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की सरांच्या समोर, त्या क्षणी, ती बाई माझी आई आहे असं मला म्हणवेना. मला लाज वाटली. तिची लाज वाटली मला. हे आता नाही लिहिलं तर कधी लिहू?

सर तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, न विचारता कशाला हात लावू नये. फार नुकसान झालं आमचं." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा.

माय म्हणाली, "चुकलं, साहेब." तिनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला, खोचलेला पदर सोडून डोक्यावरून घेतला आणि बाहेर गेली.

मी अर्ध्या तासानं निघाले. ती बस थांब्यावर उभी होती. मला वाटलं, आता फुटेल बांध. मी तयारीतच होते, शिव्या घाल, मार, काहीतरी कर. ती म्हणाली, "चाल, मामाची भेटायची वेळ निघून जाईन."

दवाखान्यात मामांनी उठून बसत विचारलं, "कुठून आल्या वं मायलेकी?" आणि माझी माय, त्यांच्या उशीची खोळ सारखी करत म्हणाली, "पोरीचं हापिस पाहून आली. लय मोठं हाये. तिचे साहेबही भले मानूस हायेत."

मी व्हरांड्यात जाऊन रडले.

रात्रीची भाकर थापताना तिनं एकच विचारलं, "ते पाणी काहाचं होतं?" मी सगळं सांगितलं. नाला, गटार, जंतू, गाळ, पडदा. एकही गोष्ट ठेवली नाही. ती भाकर उलटायची विसरली आणि ती करपली. मग म्हणाली, "म्हणजे ते विरजण होतं म्हण की."

"हो. तसंच."

"मंग मले पहिलेच सांगतलं काहून नाई? विरजण कोणी फेकते काय, बावळट! आठ महिने मले येडी करत राहिली. पाणी तपासते म्हणे."

"तुले वाटलं असतं, पुन्हा घाणीतच आली पोरगी."

तिनं हाताचं पीठ परातीत झटकलं. "माह्या मायनं घाण उचलली ते पाटलासाठी, भाकरीसाठी. तू शिकून जाऊन राहिली त्याच्यात. सारखं हाये काय ते?" आणि तव्यावरची करपलेली भाकर तिनं स्वतःच्या ताटात घेतली. "विरजण गेलं त शेजारून आनतात. तुह्या विरजणाले शेजारी कोणी हाये का नाई?"

होता. खापरखेड्याच्या वाटेवर एका कामगार वसाहतीमागं सांडपाण्याची छोटी जुनी टाकी होती, तिच्यात चांगला गाळ असायचा. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं तर ते म्हणाले, "आणता येईल का? कॉलेजची गाडी मिळणार नाही." मी म्हटलं, मी आणते. दोन मोठे कॅन, आणि मी एकटी. माय म्हणाली, "मी येतो संगं."

त्या बसच्या प्रवासावर मी कधी कधी मनातल्या मनात परत जाऊन बसते. गाळाला हवा लागते, झाकण घट्ट लावलं की तो गुदमरतो आणि सडका वास सुटतो. म्हणून झाकणं ढिली ठेवून कॅन सतत हलवत राहायचे. मायनं एक कॅन मांडीवर घेतला होता, पाळण्यातल्या पोराला हलवावं तसा हलवत. वास तर येतच होता. पुढच्या सीटवरचा एक माणूस वळून म्हणाला, "काय घेऊन चालल्या वं हे? बस नासवली पूर्ण."

माय तडकली. "नाक दाबून बस नं मंग! माही पोरगी सायन्सवाली हाये. तिचं विरजण हाये हे. याच्यानं गटाराचं पाणी साफ होते, समजलं? तुह्याच घरचं."

सगळी बस हसली. तो माणूसही हसला. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि मला इतकं सुख झालं होतं की ते मावत नव्हतं. रस्ता संपूच नये असं वाटत होतं. तिनं कॅनमध्ये डोकावून विचारलं, "जित्ते हायेत नं?" मी वास घेऊन म्हटलं, "हायेत." ती म्हणाली, "मंग झालं."

कॉलेजच्या गेटपाशी आलो. मी म्हटलं, "चाल आत." तिनं तिचा कॅन माझ्या पायाशी ठेवला. "नाई. मी इथवरच." मी आग्रह केला तर म्हणाली, "साहेब ओळखन मले."

त्या रविवारबद्दल ती बोलली ते एवढंच. 'झाडूवाली' हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. मी सांगते सरांना खरं, असं मी म्हटलं तर तिनं मलाच झापलं. "अन् नोकरी? पहिले पक्की होऊ दे. मंग सांग." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

नवा गाळ आमच्या टाकीत रुजला. पहिले काही दिवस रुसल्यासारखा पांढरा फेस काढत होता, मग रंग धरला. माय रोज संध्याकाळी विचारायची, "लागलं काय विरजण?" मी रोज खबर द्यायचे. आता वस्तीतही तिनं खरं सांगून टाकलं होतं, आणि तेही छाती काढून. बायांनी नाक मुरडलं तर त्यांची धडगत नव्हती. सरांनी शेवटचा, चौथा पडदा बसवला. त्या दिवशी शेडमध्ये कुणी मोठ्यानं शिंकलंसुद्धा नाही.

दिल्लीची माणसं आली. टाकीतला तपकिरी गाळ बघून त्यांनी रुमाल नाकाला लावले. मग सरांनी पडद्याच्या पलीकडून येणारं पाणी पेल्यात धरलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. पाणी नितळ होतं. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं रुमाल खिशात ठेवला आणि पेला हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. काम चालू राहणार, हे तेव्हाच कळलं.

सरांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं की गाळ या मुलीनं पुन्हा उभा केला. आणि म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी चहा आहे. सगळ्यांनी घरच्यांना घेऊन या. तुझ्या आईला आण. एवढ्या लांबून गाळ आणायला त्या सोबत होत्या म्हणे, मला भेटायचंय त्यांना."

शिपायानं गेटवर आम्हाला दोघींना पाहिलं असणार. कॅन आणायला आलेली माझी आई होती, हे सरांना ठाऊक होतं. रविवारची बाई कोण, हे ठाऊक नव्हतं.

शनिवारी मी मायच्या पाया पडायचीच बाकी होते. पक्क्या नोकरीचा कागद सरांच्या टेबलावर आलाय, फक्त वर जायचा राहिलाय, असं ऐकलं होतं. माय म्हणाली, "कागद हातात येऊ दे." मी चिडले, रडले, तिला हट्टी म्हातारी म्हटलं. शेवटी तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं. "गेटापर्यंत येतो. आत नाई. तू चहा घे, मी झाडाखाली बसतो, मंग संगं घरी जाऊ."

चहा झाला. सरांनी दोनदा विचारलं, "आई नाही आल्या?" मी म्हटलं, "बरं नाही त्यांना." म्हणजे आणखी एक खोटं. पण मनाशी ठरवलं होतं, आज बाहेर पडताना काही झालं तरी सांगायचंच. सर रविवारच्या बाईला ओळखोत, माझा कागद फाडोत, मी सगळ्यांसमोर मायचा हात धरून आणणार. कप ठेवला आणि तडक निघाले.

सर माझ्या मागोमागच निघाले, त्यांची स्कूटर दुरुस्तीला होती म्हणून. गेटबाहेर आलो. माय झाडाखालून उठून माझ्याकडे येत होती, हसत. मग तिला माझ्या मागचे सर दिसले.

सर तिच्याकडे निरखून बघायला लागले. मी तोंड उघडलं. "सर," एवढं म्हणाले, आणि पुढच्या शब्दाशी अडखळले. एक क्षण. जास्त नाही.

मायनं तो क्षण ओळखला. मोठ्यानं वाचताना मी अडखळले की ओळखायची तसाच. तिनं पदर कपाळावर ओढला आणि माझ्याकडे बघून, परक्या बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "म्याडम, सीताबर्डीची बस इथूनच जाते काय?"

मी म्हणाले, "हो. इथूनच जाते."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. बस आलीच. ती चढली, खिडकीशी बसली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सर म्हणाले, "कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं या बाईंना." मी त्यांच्यासोबत पुढच्या बसची वाट बघत उभी राहिले.